पितळी सूक्ष्मदर्शक मोडीत घालण्यापूर्वी...

उंब्रज -

जुन्या दवाखान्यांच्या माळ्यावर, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतील काचकपाटात किंवा पिढीजात डॉक्टरकी चालत आलेल्या घरात अजूनही कधीतरी एखादी उंच, अरुंद लाकडी पेटी निघते. दार उघडले की आत पितळेचा सूक्ष्मदर्शक उभा असतो. शेजारच्या खणांत छोट्या पितळी डब्यांत ठेवलेली भिंगे असतात आणि खालच्या कप्प्यात कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या काचपट्ट्या. घर आवरताना अशा पेटीची वासलात सहसा दोन प्रकारे लागते. एक तर ती पितळेची मोड म्हणून तराजूत जाते, नाही तर चिंच आणि राख लावून लखलखीत घासून दिवाणखान्यात शोभेसाठी मांडली जाते. पहिल्या प्रकारात यंत्रच नाहीसे होते. दुसऱ्या प्रकारात यंत्र राहते, पण ते कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवले याच्या खुणा पुसल्या जातात.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ या कालखंडातील हे सूक्ष्मदर्शक लंडनच्या मोजक्या कारागिरांनी हाताने घडवलेले आहेत. त्याच पिढीच्या यंत्रांखाली कुष्ठरोग, मलेरिया आणि प्लेग यांची कारणे प्रथम माणसाच्या डोळ्यांना दिसली. सातारा जिल्ह्याचा तर या इतिहासाशी थेट संबंध आहे. भारतातील सूक्ष्मदर्शकीय वैद्यकाच्या आरंभीच्या अभ्यासकांपैकी एक असलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे १८६३ ते १८७२ या काळात साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते.

साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

कार्टर यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसले तरी त्यांचे काम जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेवरील ग्रंथातील चित्रे त्यांनीच काढली होती. चित्रकार पित्याचा हा मुलगा लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकला. ग्रंथाचे लेखक हेन्री ग्रे यांना पुढेही मानधन मिळत राहिले. कार्टर यांना मात्र एकरकमी १५० पौंड देण्यात आले. पुस्तक बाजारात आले तेव्हा ते वैद्यकीय सेवेत रुजू होऊन मुंबईला पोचलेही होते. तेथे १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले.

मुंबईतच त्यांनी एका विचित्र रोगाचा अभ्यास सुरू केला. पाय सुजून वेडावाकडा होई, त्याला ठिकठिकाणी छिद्रे पडत आणि त्यांतून खसखशीसारखे काळे किंवा पांढरे कण बाहेर येत. मदुराई भागात त्याची नोंद आधी झाल्याने त्याला 'मदुरा फूट' म्हणत. ते कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कार्टर यांनी या रोगामागे बुरशी असल्याचे १८६०च्या सुमारास मांडले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. हे दुखणे मुख्यतः अनवाणी राबणाऱ्यांचे. काटा टोचला की मातीतील जंतू पायात शिरतात आणि वर्षानुवर्षे पाय पोखरत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगां'च्या यादीत स्थान दिले ते २०१६ मध्ये, म्हणजे कार्टर यांच्या निरीक्षणानंतर सुमारे दीडशे वर्षांनी.

साताऱ्याहून कराडकडे निघाले की वाटेत तारळी आणि कृष्णेच्या संगमावर उंब्रज लागते. हा सारा मुलूख शेतीचा, आणि कार्टर यांच्या काळात तर तो अनवाणी माणसांचाच होता. सिव्हिल सर्जन हा जिल्ह्याचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी असे. रुग्णालय सांभाळून संशोधन करायचे असेल तर त्याच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नसे. असे ते एक टेबल, खिडकीतून येणारा उजेड आणि एक सूक्ष्मदर्शक. विजेचे दिवे नसल्याने यंत्राखालच्या गोल आरशाने सूर्यप्रकाश किंवा दिव्याचा उजेड वर वळवावा लागे. म्हणूनच त्या काळच्या यंत्रांत आरसा आणि त्याची हलती पट्टी यांच्या घडणीकडे कारागीर विशेष लक्ष देत.

रंगाचे कोडे आणि दारूचा व्यापारी

सूक्ष्मदर्शक सतराव्या शतकापासून होताच. मग एकोणिसाव्या शतकातच त्याचे एवढे महत्त्व का वाढले? याचे उत्तर काचेत आहे. साध्या भिंगातून जाताना प्रकाशाचे निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर एकत्र येतात. त्यामुळे मोठ्या दिसणाऱ्या वस्तूभोवती निळी-तांबडी कड उमटते आणि बारीक तपशील पुसट होतो. भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत मिळत नाहीत, हा आणखी एक दोष. त्यामुळे यंत्र वस्तू मोठी करून दाखवी, पण स्पष्ट दाखवत नसे. असल्या यंत्रातून जे दिसले ते खरे की भिंगाचा खेळ, याबद्दल अनेक डॉक्टर साशंक असत.

रंगाच्या दोषावर उपाय म्हणजे दोन जातींच्या काचा जोडणे. साध्या काचेचे बहिर्गोल भिंग आणि शिसे घातलेल्या जड काचेचे अंतर्गोल भिंग एकमेकांना चिकटवले, की एकाने फाकवलेले रंग दुसरे पुन्हा जवळ आणते. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या 'प्रभाकर' कंदिलाची काच या भागात सर्वांना परिचित आहे. तशी काच उष्णता सोसणारी आणि पारदर्शक असली की पुरे. भिंगाची काच मात्र आतून तसूभरही कमीजास्त दाट असून चालत नाही आणि सूक्ष्मदर्शकासाठी तिचे वाटाण्याहून लहान तुकडे अचूक वक्रतेत घासावे लागतात. दुर्बिणींना हा उपाय अठराव्या शतकातच लागू पडला होता. सूक्ष्मदर्शकाच्या इवल्याशा भिंगांना तो साधत नव्हता.

हे कोडे सोडवले लंडनच्या एका दारूच्या व्यापाऱ्याने. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांना प्रकाशशास्त्राचा छंद होता. जोडभिंगे एकापुढे एक ठरावीक अंतरावर बसवली तर त्यांचे दोष परस्परांना छेदतात, हे त्यांनी १८३० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले. तोवर भिंगे जुळवणे हे अंदाजपंचे काम होते. त्याला आता नियम मिळाला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर हे याच व्यापाऱ्याचे पुत्र होत.

लंडनची तीन नावे

लिस्टर यांच्या नियमाचा फायदा ज्या कारागिरांनी उठवला त्यांत तीन नावे अग्रभागी आहेत. अँड्र्यू रॉस, ह्यू पॉवेल आणि जेम्स स्मिथ. १८३९ मध्ये लंडनला मायक्रोस्कोपिकल सोसायटी स्थापन झाली. तिने आपल्या वापरासाठी या तिघांकडूनच एकेक यंत्र मागवले, यावरून त्यांचा लौकिक कळतो. या संस्थेला १८६६ मध्ये 'रॉयल' हे बिरुद मिळाले.

पॉवेल यांनी पुढे पीटर लीलँड यांना भागीदार करून घेतले. 'पॉवेल अँड लीलँड' ही पेढी संख्येने थोडी, पण अत्यंत काटेकोर यंत्रे घडवी. तीन पायांच्या भक्कम बैठकीवर तोललेला त्यांचा मोठा सूक्ष्मदर्शक आजही संग्राहकांत सर्वोच्च मानला जातो. रॉस यांची भिंगांबद्दल ख्याती होती. १८५९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र टॉमस यांनी व्यवसाय सांभाळला. जेम्स स्मिथ यांनी १८४७ मध्ये लिस्टर यांचे भाचे रिचर्ड बेक यांना भागीदार केले. १८५७ मध्ये रिचर्ड यांचे बंधू जोसेफही आले आणि पेढी 'स्मिथ, बेक अँड बेक' झाली. स्मिथ निवृत्त झाल्यावर, १८६५ पासून, तिचे नाव 'आर. अँड जे. बेक' असे झाले.

ही यंत्रे श्रीमंतांना आणि संस्थांनाच परवडत. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती सूक्ष्मदर्शक यावा म्हणून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १८५५ मध्ये स्पर्धा घेतली. त्यात बर्मिंगहॅमच्या फील्ड या पेढीने तीन गिनींत चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शक देऊन पारितोषिक पटकावले. चार्ल्स बेकर, जेम्स स्विफ्ट, वॉटसन, हेन्री क्राउच आदी पेढ्यांनीही मध्यम किमतीची यंत्रे बाजारात आणली. त्याआधी, १८४५ मध्ये, ब्रिटनमधील काचेवरचा अबकारी कर उठल्याने काचपट्ट्याही स्वस्त झाल्या होत्या.

या काळाची एक देणगी आजही रोजच्या वापरात आहे. प्रत्येक कारागिराच्या भिंगाचे आटे वेगळे असल्याने एकाचे भिंग दुसऱ्याच्या नळीला बसत नसे. १८५८ मध्ये मायक्रोस्कोपिकल सोसायटीने सर्वांसाठी एकच माप ठरवून दिले. व्यास सुमारे २०.३ मिलिमीटर आणि इंचाला ३६ आटे. आज शाळा-महाविद्यालयांत जे सूक्ष्मदर्शक येतात त्यांतील बरेचसे हरियानातील अंबाल्याचे असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या भिंगांना अजूनही हेच आटे असतात. दीडशे वर्षांपूर्वीचे लंडनचे भिंग त्यामुळे आजच्या यंत्राला सहज बसू शकते.

जंतू दिसू लागले

१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोग्यांच्या गाठींत दंडाकार जंतू आढळले. सातारा सोडून दीर्घ रजेवर गेलेले कार्टर त्याच सुमारास नॉर्वेतील कुष्ठरोग्यांची रुग्णालये पाहून आले आणि १८७४ मध्ये त्यांनी त्यावर अहवाल लिहिला. ते मुंबईला परतले आणि लवकरच, १८७७ च्या दुष्काळात, भुकेने गांजलेल्या लोकांचे लोंढे शहरात आले. त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. रुग्णांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेताच कार्टर यांना त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले. ओबरमायर यांनी ते बर्लिनमध्ये आधी पाहिले होते. भारतातील तापातही तेच आहेत हे कार्टर यांनी दाखवले. माकडांना हा ताप देऊन त्यांनी प्रयोग केले. या कामात त्यांना स्वतःलाही त्याची लागण झाली. १८८२ मध्ये त्यांचा या तापावरील ग्रंथ आला. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य असताना, १८८७ च्या सुमारास, त्यांनी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लाव्हेरान यांनी वर्णिलेले परजीवी पाहिले. भारतातील अशा अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक होय.

दरम्यान जर्मनीतील जेना येथे अर्न्स्ट आबे हे कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी भिंगांमागचे गणित मांडत होते. लंडनच्या स्टीफन्सन यांच्या सूचनेवरून त्यांनी १८७८ मध्ये भिंग आणि काचपट्टी यांमध्ये तेलाचा थेंब ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. हवेऐवजी काचेच्याच जोडीचे तेल मध्ये असल्याने अधिक तिरपे किरण भिंगात शिरतात आणि पूर्वी न दिसणारे तपशील उलगडतात. आज कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मलेरियाची तपासणी तेलाच्या भिंगानेच होते.

यानंतर लंडनच्या कारागिरांचे वर्चस्व ओसरू लागले. एकेक यंत्र सजवून घडवण्याच्या त्यांच्या पद्धतीपुढे जर्मन कारखान्यांची साधी, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या बैठकीची आणि मोठ्या संख्येने निघणारी यंत्रे डॉक्टरांना सोयीची वाटली. तरीही २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले, ते यंत्र पितळी आणि सहज वाहून नेता येईल असेच होते. घामाने त्याचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ धुमसत असताना ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

ओळख कशी पटवावी?

घरात किंवा संस्थेत असे यंत्र असेल तर प्रथम बैठक, नळी आणि दांडा यांवर कोरलेली अक्षरे पाहावीत. कारागिराचे नाव, पत्ता आणि अनुक्रमांक यांवरून काळ ठरवता येतो. बेक यांच्या पेढीची नावे कोणत्या वर्षी बदलली हे वर आलेच आहे. त्यामुळे 'स्मिथ, बेक अँड बेक' असे कोरलेले यंत्र १८५७ ते १८६५ या काळातले ठरते. पॉवेल अँड लीलँड यांच्या यंत्रावर '१७० यूस्टन रोड' हा पत्ता असेल तर ते १८५७ पूर्वीचे नव्हे, कारण त्या रस्त्याला ते नाव त्याच वर्षी मिळाले. बैठक तीन पायांची किंवा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी असेल तर ती बहुधा ब्रिटिश घडण, नालेच्या आकाराची असेल तर युरोप खंडातील किंवा त्या धर्तीवरची. मात्र नाव कोरलेली व्यक्ती नेहमी घडवणारीच असते असे नाही. विक्रेतेही आपली नावे कोरत.

नकलांपासूनही सावध राहायला हवे. रुडकीसारख्या ठिकाणी पितळेच्या दुर्बिणी, होकायंत्रे आणि इतर जुन्या धाटणीची यंत्रे शोभेसाठी तयार होतात आणि त्यांवर लंडनच्या पेढ्यांची नावे कोरलेली असतात. खऱ्या यंत्राचा बारीक फिरकीचा स्क्रू फिरवताच नळी केसभर सरकते. शोभेच्या यंत्रात तो नुसताच असतो. खरे यंत्र जिथे हात लागतो तिथे झिजलेले असते, बाकी ठिकाणी नव्हे. नकलेला सर्वत्र सारखाच काळपटपणा दिलेला असतो. शेवटची कसोटी साधी आहे. खऱ्या यंत्रातून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी आजही स्वच्छ दिसल्या पाहिजेत.

चिंच नको, स्पिरिटही नको

या यंत्रांचा सोनेरी रंग हा निव्वळ पितळेचा नाही. पितळ काळे पडू नये म्हणून कारागीर ते घासून, तापवून त्यावर लाखेपासून केलेल्या रोगणाचा पातळ थर देत. ही लाख प्रामुख्याने भारतातूनच युरोपला जाई. आपल्या जंगलांतील कीटकांनी तयार केलेली लाख लंडनला जाऊन यंत्रावर चढली आणि समुद्रमार्गे पुन्हा इथेच आली. देवघरातील समई घासावी तसे चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून हे पितळ घासले, की तो थर कायमचा निघतो. कोरलेली अक्षरेही झिजतात. त्यानंतर पितळ महिनाभरात काळे पडते, पुन्हा घासावे लागते आणि नुकसान वाढत जाते.

स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून स्पिरिटचा बोळाही फिरवू नये. भिंगाचे दोन तुकडे 'कॅनडा बाल्सम' नावाच्या झाडाच्या डिंकाने चिकटवलेले असतात. झायलीनसारख्या द्रवाने तो सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि स्वच्छ, जुन्या सुती कापडाने यंत्र पुसावे, एवढी निगा पुरेशी आहे. भिंगे उघडून त्यांचे तुकडे वेगळे करण्याच्या फंदात पडू नये.

सह्याद्रीच्या पायथ्याशी यंत्राचा खरा शत्रू पावसाळा असतो. बंद पेटीत ओल राहिली की भिंगावर बुरशीचे जाळे पसरते आणि काचेवर कायमचे चरे उमटतात. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि कोरड्या दिवशी पेटी उघडून वारा द्यावा. पेटी, कप्पे, सुटी भिंगे आणि काचपट्ट्या एकमेकांपासून वेगळ्या करू नयेत. एखाद्या काचपट्टीवरच्या पिवळ्या चिठ्ठीत रोगाचे नाव, गाव आणि साल लिहिलेले असेल, तर इतिहासाच्या दृष्टीने ती चिठ्ठी यंत्राइतकीच मोलाची ठरू शकते.

कायद्याची बाजू

पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी आणि गतकाळातील विज्ञानाची साक्ष देणारी वस्तू 'पुरावस्तू' या व्याख्येत येते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून परदेशातील मुलांकडे पेटी पाठवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे आणि शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी.

संस्थांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. जडसंग्रह नोंदवहीत 'जुना सूक्ष्मदर्शक, नादुरुस्त' एवढीच ओळ असते आणि निर्लेखनाच्या वेळी मोडक्या खुर्च्या-टेबलांबरोबर तोही निघतो. त्या ओळीपुढे कारागिराचे नाव, अनुक्रमांक, वस्तू कोणाकडून आली याची माहिती आणि दोन छायाचित्रे जोडली, तर पुढच्या पिढीतील कोणालाही तो भंगार म्हणून काढताना थांबावे लागेल.

मोडीच्या तराजूत या यंत्राचे वजन काही किलो भरते आणि तेवढ्या पितळेचे पैसे मिळतात. लिस्टर यांचा नियम, लंडनच्या कारागिरांचे हात आणि इथल्या रुग्णांच्या रक्ताचे थेंब तपासणारे डोळे यांची नोंद त्या वजनात धरली जात नाही. पेटी विकायचीच असेल तरी आधी कोरलेली अक्षरे वाचून उतरवून ठेवावीत. त्याला पाच मिनिटे पुरतात आणि मोड एकदा वितळली की ती परत वाचता येत नाहीत.